नाव एक, शब्द दोन

मुलांनो, २६ जानेवारीची तयारी तुम्ही सर्वांनी केलेली आहे. पतंगी कागदाचे त्रिकोण कापायचे, गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, सुतळीवर एकेक त्रिकोण चिकटवायचा आणि वाळलेल्या माळा मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधायच्या. घरी आपण यांना 'झंडियाँ' म्हणतो. मराठीत यांना 'पताका' म्हणतात. वारकऱ्यांच्या खांद्यावर असते ती पताका आणि लग्नाच्या मांडवाला लावतात त्याही पताकाच.

आमच्या शाळेत अशाच तयारीच्या दिवशी इंग्रजीचे सर रजेवर होते. त्यांच्या तासाला मी नववीच्या वर्गावर गेलो. बोटांना खळ लागलेली होती, त्यामुळे कोणाचेच पुस्तकात लक्ष नव्हते. एका मुलीने विचारले, "सर, पताकांना इंग्रजीत काय म्हणतात?" मी सांगितले, "बंटिंग." तिने लगेच शब्दकोश उघडला. तिथे 'बंटिंग' हा शब्द दोनदा छापलेला होता. पहिल्या ठिकाणी अर्थ दिला होता : झेंड्याचे कापड, पताकांची माळ. दुसऱ्या ठिकाणी : चिमणीएवढा, जाड चोचीचा एक गाणारा पक्षी.

"सर, झेंडा आणि चिडिया, दोघांचे नाव एकच कसे?"

प्रश्न चांगला होता. मला उत्तर माहीत नव्हते. पण समोर साठ मुले बसलेली असली की शिक्षकाला गप्प राहणे जड जाते. जर्मन भाषेत 'बुंट' म्हणजे रंगीबेरंगी, एवढे मी कुठेतरी वाचले होते. तेवढ्यावर मी इमारत उभी केली. या पक्ष्याला मराठीत 'भारीट' म्हणतात, तो पिवळाधमक असतो, पताकाही रंगीत असतात, म्हणून दोघांना एकच नाव मिळाले, असे मी ठासून सांगितले. फळ्यावर लिहूनही दिले. मुलांनी वहीत उतरवून घेतले.

मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र लिहीत नव्हता. तो शेतकऱ्याचा मुलगा. तो म्हणाला, "सर, भारीट आमच्या ज्वारीवर येतात. गोफण घेऊन मीच हाकलतो. त्यांत पिवळे थोडे असतात. बाकीचे तर मातीच्या रंगाचे."

वर्ग हसला. मीही हसलो, पण मनातून चरकलो. त्याचे म्हणणे खरे होते.

थंडीच्या दिवसांत मराठवाड्यात कुठेही ज्वारीच्या शेताशेजारी उभे राहा. ज्वारी हुरड्यात आलेली असते. अचानक कणसांवरून मोठा थवा उठतो, हवेत एक वळण घेतो आणि बांधावरच्या बाभळीवर जाऊन बसतो. तेच हे भारीट. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारचे येतात, काळ्या डोक्याचे आणि लाल डोक्याचे. काळ्या डोक्याच्या नराची पाठ विटकरी आणि पोट हळदीसारखे पिवळे असते. मादी मात्र मातकट, साधी. शिवाय गंमत अशी, की थंडी सुरू होताना नराचे काळे डोकेही नीट दिसत नाही. नव्या पिसांच्या कडा फिकट असतात आणि त्या खालचा काळा रंग झाकून टाकतात. हिवाळाभर त्या कडा झिजत जातात आणि परत जायच्या वेळेपर्यंत डोके काळेभोर होते. त्याला नवी पिसे फुटत नाहीत. जुनीच झिजून सुंदर होतात.

हे आपल्या गावचे रहिवासी नव्हेत. काळ्या डोक्याचे भारीट आग्नेय युरोप, तुर्कस्तान आणि इराण या भागांत घरटी करतात. लाल डोक्याचे मध्य आशियातून येतात. पावसाळा सरला की ते येतात आणि उन्हाळा तापू लागला की जातात. गाणारा पक्षी म्हणून शब्दकोशात त्यांची ओळख दिलेली असली, तरी त्यांचे गाणे आपल्या वाट्याला फारसे येत नाही. गाणे असते ते घरट्याच्या मुलखात, जोडीदारासाठी. आपल्याकडे ते येतात पोटासाठी.

जुन्या पक्षिग्रंथांत या पक्ष्यांचे हिंदी नाव 'गंदम' असे दिलेले आढळते. हे वाचताच तुम्हांला उर्दूतला 'गंदुम' शब्द आठवला असेल. गंदुम म्हणजे गहू. धान्य खाणाऱ्या पक्ष्याला धान्याचे नाव चिकटले, यात नवल वाटत नाही. इंग्लंडमध्येही तसेच झाले आहे. तिथे शेतांत राहणाऱ्या एका जातीला 'कॉर्न बंटिंग' म्हणतात. कॉर्न म्हणजे धान्य. आपल्या गोष्टीत हाच पक्षी महत्त्वाचा आहे. कारण जुने इंग्रज नुसते 'बंटिंग' म्हणत, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा हाच असे.

आणि हा कॉर्न बंटिंग अजिबात रंगीत नाही! नर असो वा मादी, दोघेही तपकिरी. अंगावर गडद रेघा, चोच जाड, शरीर गोल. उडतानासुद्धा तो जड वाटतो, कधी कधी पाय खाली लोंबत असतात. माझी रंगाची इमारत इथेच कोसळली.

त्या आठवड्यात मी जिल्ह्याच्या गावी जाऊन तिथल्या ग्रंथालयात बसलो. मोठे इंग्रजी शब्दकोश उघडून पाहिले. पक्ष्याचे नाव खूप जुने निघाले. सुमारे इ. स. १३०० पासून ते इंग्रजीत लिहिलेले सापडते. पण ते कुठून आले? शब्दकोश सांगतात, मूळ अज्ञात. मग पुढे काही तर्क दिलेले असतात. एक तर्क असा, की स्कॉटलंडच्या बोलीत 'बंटिन' म्हणजे बुटका आणि जाडजूड. आपण ज्याला गोलमटोल म्हणतो आणि मराठीत गुटगुटीत म्हणतात, तसा. इंग्रजीतल्या एका जुन्या अंगाईगीतात बाळालाही लाडाने 'बंटिंग' म्हटले आहे. गुटगुटीत बाळ आणि गुटगुटीत पक्षी! दुसरा तर्क जर्मन 'बुंट'चाच, पण तिथे अर्थ घ्यायचा ठिपक्या-रेघांचा, कबरा. कॉर्न बंटिंगच्या छातीवरच्या रेघा पाहिल्या तर तोही अगदी टाकाऊ वाटत नाही. मला स्वतःला गुटगुटीतपणाचा तर्क अधिक पटतो. पण माझ्या पटण्याने तो सिद्ध होत नाही, हे मी एकदा शिकलो आहे.

पुढे हे नाव दूर दूर गेले. इंग्रज अमेरिकेत जाऊन राहिले. तिथे त्यांना जाड चोचीचे, ओळखीचे वाटणारे पक्षी दिसले. त्यांनी त्यांनाही बंटिंग म्हटले. त्यांतला एक गडद निळा आहे. दुसऱ्याच्या अंगावर निळा, लाल आणि हिरवा असे रंग जणू कुंचल्याने भरलेले. आज पक्षिशास्त्रज्ञ सांगतात, की या अमेरिकन पक्ष्यांचे कूळच वेगळे आहे. तरीही नाव राहिले ते राहिलेच. नावाच्या बाबतीत लोक शास्त्रज्ञांची वाट पाहत नाहीत. याच कुळातल्या युरोपच्या एका पिवळ्या पक्ष्याला इंग्रजीत 'यलोहॅमर' म्हणतात. त्यात हातोडा शोधू नका. जर्मन भाषेत या पक्ष्यांना 'आमर' म्हणतात. त्याच नात्यातला जुना इंग्रजी शब्द लोकांच्या तोंडी बदलत बदलत हॅमर झाला.

गुटगुटीतपणाचा तर्क खरा असो वा नसो, तो या पक्ष्यांच्या जिवावर मात्र उठला आहे. स्थलांतर करण्याआधी हे पक्षी भरपूर दाणे खाऊन अंगात चरबी साठवतात. लांबच्या प्रवासाची ती शिदोरी असते. माणसाने त्यातच चव शोधली. फ्रान्समध्ये ऑर्टोलन नावाचा बंटिंग पकडून, पिंजऱ्यात चारून लठ्ठ करून खात असत. तिथे १९९९ मध्ये त्याच्या शिकारीला बंदी झाली. त्याहून वाईट पाळी आली पिवळ्या छातीच्या बंटिंगवर. हा पक्षी उत्तर आशियात घरटी करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे येतो. आपल्या ईशान्य भारतातही तो येतो. चीनमध्ये त्याचे नाव 'भातफुलांचा पक्षी' अशा अर्थाचे आहे. तिथे जाळी लावून तो खाण्यासाठी पकडला जाई. १९९७ मध्ये बंदी आली, पण चोरटी शिकार थांबली नाही. १९८० ते २०१३ या काळात त्याची संख्या ८४ ते ९५ टक्क्यांनी घटली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०१७ पासून तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या जातींच्या यादीत आहे. एके काळी ज्याचे थवे मोजता येत नसत, त्याची ही गत.

आता कापडाकडे वळू.

बंटिंग हे मुळात पताकेचे नाव नव्हे. ते एका कापडाचे नाव. हे कापड लोकरीचे असे. लांब धाग्याची लोकर विंचरून, तिचे पीळदार सूत काढून, ते विरळ विणत. झेंड्याला असेच कापड हवे. जाड कापड वाऱ्यावर फडकत नाही, नुसते लोंबते. विरळ कापडातून वारा आरपार जातो, त्यामुळे ते लवकर फाटत नाही. पावसाने किंवा समुद्राच्या पाण्याने भिजले तरी चटकन वाळते. लोकरीवर रंगही पक्का बसतो. म्हणून जहाजांवरचे झेंडे याच कापडाचे केले जात. बिनतारी संदेश येण्याआधी एका जहाजाने दुसऱ्या जहाजाशी बोलायचे ते झेंड्यांनीच. एकेका झेंड्याला ठरलेला अर्थ असे. १८०५ मधल्या ट्रफाल्गरच्या लढाईआधी इंग्रज सेनापती नेल्सनने आपल्या आरमाराला दिलेला संदेश अशाच झेंड्यांनी दिला होता. इंग्रजी आरमारात झेंड्यांनी संदेश देणाऱ्या खलाशाला थट्टेने 'बंटिंग फेकणारा' म्हणत.

हे कापड अरुंद पट्ट्यांत येई आणि मोठा झेंडा करायचा तर पट्टे जोडावे लागत. १८१३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर शहरात मेरी पिकर्सगिल या बाईने एका किल्ल्यासाठी ३० फूट उंच आणि ४२ फूट लांब झेंडा शिवला. तो घरात मावेना, म्हणून शेजारच्या एका कारखान्याच्या मोकळ्या जागेत पसरून त्यावर तारे शिवले. त्या वेळी अमेरिकेचे युद्ध चालू होते ते इंग्लंडशी. आणि झेंड्याचे बंटिंग? तेही इंग्लंडचेच! पुढल्या वर्षी इंग्रजांनी त्या किल्ल्यावर तोफा डागल्या. तो झेंडा पाहून लिहिलेली कविता आज अमेरिकेचे राष्ट्रगीत आहे आणि तो झेंडा वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

या कापडाला बंटिंग का म्हणत? इथेही शब्दकोश खात्रीने बोलत नाहीत. हा शब्द अठराव्या शतकात लिखाणात दिसू लागतो. म्हणजे पक्ष्याच्या नावानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. एक तर्क पुन्हा तोच रंगाचा. दुसरा तर्क मला फार आवडतो. जुन्या इंग्रजीत 'बंट' म्हणजे पीठ चाळणे. विरळ विणीच्या कापडातून पीठ चाळत. चाळण्याचे कापड ते बंटिंग. मग त्याच कापडाचे झेंडे होऊ लागले, असा हा तर्क आहे.

तुम्हांला हे विचित्र वाटते का? मग हकीमजींच्या दवाखान्यात जाऊन पाहा. औषध कुटून ते मलमलीच्या कापडातून गाळतात. उर्दूत त्याला 'कपडछान' म्हणतात. मराठीत वैद्यांचा शब्द आहे 'वस्त्रगाळ'. चाळणीचे काम कापडाने करणे ही आपल्या घरातलीच गोष्ट आहे. फ्रेंच भाषेत तर 'एतामीन' नावाचे विरळ कापड रस गाळायलाही वापरतात आणि झेंडे शिवायलाही. त्यामुळे चाळणीपासून झेंड्यापर्यंतचा प्रवास अशक्य मुळीच नाही.

कापडाचे नाव पुढे त्या कापडाच्या झेंड्यांना मिळाले, नंतर लहान झेंड्यांच्या माळेला मिळाले. आता ती माळ कागदाची असो वा प्लास्टिकची, ती बंटिंगच. आपल्या खेड्यांत उभ्या काठाच्या ताटाला 'पितळी' म्हणतात. पितळेची होती म्हणून पितळी. आज घरोघर ती स्टीलची आहे, पण आजी म्हणते, "पितळी घे रे जेवायला." तसेच हे.

तर मुलांनो, शब्दकोशात बंटिंग दोनदा का छापला होता, ते आता लक्षात येईल. एका शब्दाला अनेक अर्थ असतील तर शब्दकोशात नोंद एकच असते आणि अर्थांना क्रमांक दिलेले असतात. नोंदीच वेगळ्या असतील तर समजावे, की हे शब्दच वेगळे. चेहरा एक, पण घराणी दोन.

एका घराण्याचा शब्द कसा असतो, हे पाहायचे तर झेंड्याचाच दुसरा शब्द घ्या. मराठीत झेंड्याला 'निशाण' म्हणतात. उर्दूत 'निशान' म्हणजे खूण. उर्दू शाळेतली मुले मराठीच्या पेपरात इथे हमखास चुकतात. 'निशाण फडकले' याचा अर्थ एकाने 'डाग हलला' असा लिहिला होता. पण शब्द एकच आहे, फारसीतून आलेला. झेंडा ही सैन्याची खूण, म्हणून निशाण. आठवण म्हणून जपलेली खूण ती निशाणी. नेम धरायची खूण तो निशाणा. सही न येणाऱ्या माणसाचा अंगठा कागदावर घेतात, तिथे 'निशाणी डावा अंगठा' असे लिहितात. एका झाडाच्या या फांद्या आहेत. मोल्सवर्थ साहेबाच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात (पहिली आवृत्ती १८३१) शब्दापुढे तो कोणत्या भाषेतून आला ते दाखवणारे अक्षर असते. सवड मिळाली की तो चाळून पाहा. आपल्या घरातले किती शब्द तिथे भेटतात!

एक गोष्ट मला ग्रंथालयात नव्हे, तर सरकारी कागदात सापडली. आपला राष्ट्रध्वज २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारला. तो कसा असावा, कसा फडकवावा याचे नियम भारतीय ध्वजसंहिता, २००२ मध्ये आहेत. ध्वज कोणत्या कापडाचा असावा, तिथे शब्द वापरला आहे 'खादी बंटिंग'! इंग्रजी जहाजांवरचा तो लोकरीच्या कापडाचा शब्द आपल्या हातमागाच्या खादीला येऊन चिकटला आहे.

हे कापड तयार करणारी ठिकाणे देशात थोडीच आहेत. कर्नाटकात हुबळीजवळचे बेंगेरी प्रसिद्ध आहे. आणि आपल्या मराठवाड्यात नांदेड. तिथल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतो आणि त्यासाठी उदगीरला कापड विणले जाते. रुंदी आणि उंची यांचे प्रमाण ३:२ हवे, अशोकचक्राचे २४ आरे दोन्ही बाजूंनी नेमके जुळायला हवेत. जरा चुकले तर ध्वज बाद. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने नियम बदलला. आता यंत्रावर केलेला आणि पॉलिएस्टरचा ध्वजही चालतो. त्यामुळे ध्वज स्वस्त झाला आणि घरोघर पोहोचला, हे खरे. सूत कातणाऱ्या आणि हातमागावर बसणाऱ्या माणसांना मात्र काळजी लागली, हेही खरे. नियमातला 'बंटिंग' शब्द तसाच आहे. तो आता पॉलिएस्टरलाही लागू होतो.

ग्रंथालयातून परत आल्यावर मी पुन्हा नववीच्या वर्गावर गेलो. मुलांना वह्या उघडायला लावल्या आणि मी दिलेले उत्तर खोडायला सांगितले. मुलांना गंमत वाटली. शिक्षकाने लिहून दिलेले खोडायची संधी रोज कुठे मिळते? मग पक्षी, चाळणी, जहाज असे सगळे सांगितले. शेवटी ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, ती उभी राहिली.

"सर, मग खोडलेल्या जागी काय लिहू?"

मी म्हणालो, "मूळ अज्ञात."

"परीक्षेत आले तर?"

"तर हेच लिही. आणि तर्क दोन्ही लिही."

तिने लिहिले. मागच्या बाकावरच्या मुलाने मात्र त्याखाली स्वतःहून एक ओळ वाढवली. वह्या तपासताना मला ती दिसली : 'भारीट मार्चमध्ये जातात. तोपर्यंत कोणी पाहायला आले तर मी शेतात आहे.'